विजयमालाबाईंचा उजवा डोळा

अशोक चौकातल्या फ्लेक्सवर ख्रिस्त होता, पण शोधावा लागत होता. वरच्या डाव्या कोपऱ्यात, फ्लेक्स छापणाऱ्याच्या मोबाइल नंबरापेक्षा जरासा मोठा. मधली सगळी जागा पास्टर ऋतुराज यांनी व्यापली होती: निळा सूट, वर केलेला हात, दातांची पूर्ण रांग. खाली चर्चच्या पंच कमिटीचे अकरा सदस्य हात जोडून उभे होते, नगरसेवकाच्या वाढदिवसाला कार्यकर्ते उभे असतात तसे. आणि उजवीकडे, लाल गोलात, काळा चष्मा घातलेली एक बाई. तिच्याखाली मजकूर होता: ‘आंधळी होती, पाहू लागली. साक्ष ऐका. शुक्रवार, सायंकाळी सहा.’

त्या बाईचं नाव विजयमाला शिरसट, वय एकसष्ट. ती कधीच आंधळी नव्हती. तिला मोतीबिंदू झाला होता, आणि मार्चमध्ये सरकारी दवाखान्यातल्या शिबिरात तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पंचवीस मिनिटं लागली. काळा चष्मा शिबिरात फुकट मिळाला होता.

विजयमालाबाईंचे वडील मिशनच्या बोर्डिंगात आचारी होते. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो घरी बसला, आणि बसल्या बसल्या सहा वर्षांत संपला. बाई अक्कलकोट रोडवरच्या गणवेशाच्या कारखान्यात काज-बटणाला लागल्या त्या तिथेच राहिल्या. घाईच्या दिवसांत सुपरवायझर सांगायचा की बटणाला दोन वेढे कमी घातले तर कुणाला कळत नाही. त्या पूर्ण वेढे घालायच्या आणि रोज बोलणी खायच्या. कारण विचारलं तर सांगायच्या नाहीत. त्यांच्या दारावर बायबलच्या वचनाचं स्टिकर नाही, फोनला प्रार्थनेची रिंगटोन नाही. पहाटे उठून एक अध्याय वाचायचा आणि मग दिवसभर त्याच्याशी फार बेइमानी होणार नाही इतकं बघायचं, एवढाच त्यांचा धर्म.

एक हौस मात्र होती. सव्वीस वर्षं दर रविवारी उपासनेत शास्त्रवाचन त्या करायच्या. दगडी चर्च जुनं, लोक दोनशे. बाई वाचनाला उभ्या राहिल्या की आवाजाला कंप नाही, डोळे मिटणं नाही. पूर्णविराम आला की थांबायच्या, बस. दृष्टी अधू झाली तेव्हा काही महिने त्यांनी पाठ म्हणून निभावून नेलं. एका रविवारी पुस्तक उघडलं होतं एका जागी आणि बाई म्हणत होत्या दुसरंच, हे पहिल्या बाकावरच्यांनी पाहिलं. पुढच्या रविवारपासून वाचन सृष्टीकडे गेलं. सृष्टी म्हणजे चर्चचे सेक्रेटरी कुमार वाघचौरे यांची सून. ती प्लॅटफॉर्मवरच्या घोषणेसारखं वाचते. गाडी कुठली आणि कुठे चालली, ते कळत नाही.

ऑपरेशननंतर बाईंना वाटलं, आता वाचन परत मिळेल. तीन महिने कुणी विषय काढला नाही. मग एका दुपारी वाघचौरे आणि पास्टर ऋतुराज दोघंही घरी आले. पास्टर तीन वर्षांपूर्वी नेमले गेले. त्यांच्या काळात चर्चमध्ये काय वाढलं तर स्पीकर, दिवे आणि अभिषेकाच्या तेलाच्या बाटल्या. आता तीन दिवसांचा ‘अद्भुत स्पर्श महोत्सव’ भरणार होता. साक्ष हवी होती. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चार लोकांसमोर सांगणं. जुन्या माणसांच्या साक्षी लांबट, अडखळत आणि बहुतेक खऱ्या असत.

पास्टरांनी बाईंची साक्ष नव्वद सेकंदांत बसवून दिली. मोतीबिंदू म्हणायचं नाही, अंधार म्हणायचं. ऑपरेशनचा उल्लेख नको, त्यानं लोकांचा विश्वास डळमळतो. मार्च महिना नको, ‘एके दिवशी’ बरं. पास्टरांनी डोक्याला तेल लावून प्रार्थना केली होती ना? केली होती, ऑपरेशनच्या आदल्या रविवारी साऱ्या मंडळीच्या डोक्याला लावलं होतं. मग झालं तर. साठाव्या सेकंदाच्या सुमाराला रडू आलं तर आवरायचं नाही. वाघचौरे म्हणाले, त्याच मंचावर शास्त्रवाचनही तुम्हीच करा, आणि पुढे दर रविवारी तुमचंच.

बाई हो म्हणाल्या. चहा निवेपर्यंतही वेळ घेतला नाही. प्रार्थना मीही केली होती, डॉक्टरही देवाचाच, एखादी गोष्ट गाळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे: असे तीन मुद्दे त्यांनी मनाशी जुळवले. सव्वीस वर्षं शास्त्र वाचलेल्या बाईला पळवाट शोधायला तेवढा वेळ पुरला.

पुढच्या सोमवारी फ्लेक्स लागला. मंगळवारी सकाळी शेजारची पार्वतम्मा दारात आली.

पार्वतम्मा तेलुगू विणकराच्या घरातली, वय सत्तर, विड्या वळून बोटं काळी पडलेली. मार्चमध्ये ती मुलीकडे भिवंडीला होती, त्यामुळे ऑपरेशनचं तिला ठाऊक नव्हतं. तिला साखरेचा आजार आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साखर चढलेली म्हणून दवाखान्यानं तिचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. तिसरी तारीख येत्या शुक्रवारची होती. तिला मराठी वाचता येत नाही. चौकातल्या फ्लेक्सवरचा फोटो तिनं अंदाजानं ओळखला आणि मजकूर रिक्षावाल्याकडून वाचून घेतला; पास्टरांच्या तेलाचंही त्याच्याकडूनच कळलं.

“विजया, तेलानं बरं झालं म्हण की तुझं डोळं. सांगितलीस का न्हाय मला? शुक्रवारी मी दवाखान्याला जात न्हाय. तुझ्याबरोबर सभेला येते.”

गोळ्या तिनं सकाळपासूनच सोडल्या होत्या. विश्वास अर्धा ठेवून चालत नाही, असं रिक्षावाल्यानंच तिला सांगितलं होतं.

विजयमालाबाईंनी तिला बसवलं, तिच्या घरून गोळ्या आणल्या आणि समोर पाणी धरून गिळायला लावल्या. मग आपला शिबिराचा कागद काढला, तारीख वाचून दाखवली, डॉक्टरीणबाईंचं नाव वाचून दाखवलं. पार्वतम्मानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग तितं फोटो कशाला लावून घेतलीस गं?”

बाईंनी शिबिराचा कागद घडी करून ठेवला.

संध्याकाळी त्या जुळे सोलापूरला वाघचौरेंच्या फ्लॅटवर गेल्या. पास्टरही तिथेच होते, मंचाच्या पायऱ्यांना कोणत्या रंगाचं कापड लावायचं यावर खल चालला होता. बाईंनी उभ्यानंच सांगितलं की साक्ष देणार नाही, फोटो काढा. पार्वतम्माचंही सांगितलं.

वाघचौरे निवृत्त अधिकारी. माणसाची तक्रार ऐकताना पेनाचं टोपण काढायची सवय अजून गेलेली नाही. ते म्हणाले, फ्लेक्स सोळा ठिकाणी लागलेत. आणि ती बाई आपल्या मंडळीतली नाही, तिची जबाबदारी आपल्यावर कशी? पास्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, “आंटी, तुम्ही घाबरलात. लोकांना येशूकडे आणायचंय. त्यासाठी थोडं सोपं करून सांगावं लागतं.”

“पास्टर, त्यानं आंधळ्यांना बरं केलं आणि बजावलं, हे कुणाला कळू देऊ नका. मी सव्वीस वर्षं हे मोठ्यानं वाचलंय. तुम्ही माझा फोटो चौकात टांगला आणि त्याला कोपऱ्यात बसवलं. त्याला माझं खोटं लागत नाही. तुम्हाला लागतंय.”

सृष्टी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

वाघचौरेंनी टोपण लावलं. “मग रविवारचं वाचन सृष्टीच करेल. नंतर कमिटीपुढे अर्ज घेऊन येऊ नका.”

“करू दे,” बाई म्हणाल्या. “फक्त पूर्णविराम आला की थांबत जा म्हणावं.”

चहा न घेता त्या निघाल्या.

शुक्रवारी सकाळी त्या पार्वतम्माला घेऊन दवाखान्यात गेल्या. साखर चढलेलीच होती, पण या वेळी चालण्यासारखी. दुपारी तिच्याही उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भूल डोळ्यापुरतीच, त्यामुळे शुद्धीवर येण्याचा प्रश्न नव्हता. पार्वतम्मा टेबलावरही बोलतच होती, अशी सिस्टरची तक्रार.

तिकडे सहा वाजता महोत्सव वेळेवर सुरू झाला. साक्ष झाली. कुर्डुवाडीहून आणलेल्या कुणा बाईला काळा चष्मा घालून मंचावर उभं केलं होतं. चष्मा मोठा आणि चेहरा लहान, त्यामुळे फ्लेक्स बदलायची वेळ आली नाही. ती रडली, आणि बरोबर वेळेवर रडली. वाचन सृष्टीनं केलं. टाळ्या वाजल्या. तीन हजार लोकांत एकानंही विचारलं नाही की फोटोतली बाई कुठे आहे. विचारायला बाईकडे बघावं लागलं असतं.

फोटोतली बाई वॉर्डात स्टुलावर बसली होती. सिस्टरनं सूचनांचा छापील कागद हातात दिला होता. विजयमालाबाईंनी वाचायचा चष्मा पुसला, पाठ ताठ केली आणि वाचायला घेतलं. उजव्या डोळ्यात थेंब दिवसातून सहा वेळा टाकावेत. डोळा चोळू नये. डोक्यावरून आंघोळ करू नये. साखरेच्या गोळ्या बंद करू नयेत. पलीकडच्या खाटेवरची बाई बोलायची थांबली आणि ऐकू लागली.

“चर्चमधी असंच वाचतीस व्हय?” पार्वतम्मानं पट्टीखालून विचारलं.

“वाचत होते.”

“परत वाच की. ते गोळ्यांचं.”

बाईंनी ते परत वाचलं. पूर्णविरामाला थांबल्या.