भिंतीचं पथ्य

एका दुपारी भिंतीने एका माणसाचे दोन दात पाडले आणि संध्याकाळी घरी जाऊन निमूटपणे वाटीभर उकडलेला दुधी खाल्ला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे कळायला त्याला पाच महिने लागले. त्याच्या बायकोला त्याहून एक दिवसही कमी लागला नाही, आणि ती तर दोघांतली हुशार.

भिंत म्हणजे कारखान्याच्या फाटकासमोरच्या बारच्या दारावर उभा राहणारा माणूस. दिवसपाळीचा. तीन वाजता भोंगा झाला की कारखान्याची पहिली पाळी सुटायची आणि चारशे तहानलेली माणसं रस्ता ओलांडून त्याच्याच अंगावर यायची. त्यातल्या कुणाला आत सोडायचं, कुणाला बाहेरूनच परतवायचं आणि आत गेलेल्यांपैकी कुणाला बखोटीला धरून फुटपाथवर ठेवायचं, हे त्याचं काम. वजन एकशे अठरा किलो, मान नावालाच. अकरा वर्षांत त्याने फार तर पंधरा-वीस वेळा हात उचलला असेल. त्याचं काम मारण्याचं नव्हतंच, मारू शकेल असं दिसण्याचं होतं.

सोरायसिस आधी कोपरावर आला, नाण्याएवढा. मग गुडघे, मग डोकं, मग सगळी पाठ. लालभडक चट्टे आणि त्यावर चंदेरी खपल्या. बारचा गणवेश काळा, त्यामुळे खांद्यावर सतत काहीतरी सांडल्यासारखं दिसायचं. तिथवर कुणी बोललं नाही. पण हातांच्या पाठींवर, मुठीच्या चारही गाठींवर चट्टे उमटले तेव्हा मालकाने त्याला आत बोलावलं. मालकाने नुकतीच दारालगत जेवणाची टेबलं टाकली होती.

“लोकांना घास उतरत नाही रे तुझ्याकडे बघून.”

“चिकटत नाही हे, मालक. डॉक्टरांनी लिहून दिलंय.”

“ते मी काय पाटी करून लावू दारावर? सहा महिने देतो, अकरा वर्षांची ओळख म्हणून. हात साफ झाले तर तू आहेस. नाहीतर दुसरा बघतो.”

भिंतीला दुसरं काहीच येत नव्हतं. शाळेत सातवीपर्यंत, पुढे गोदामात पोती, मग हे दार. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला कोण नवीन दार देणार? त्या दिवशी तो पायी घरी गेला आणि वाटेत पत्र्याच्या एका कुंपणाला त्याने अशी लाथ घातली की आतलं कुत्रं भुंकायचं विसरलं.

बायको मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. रोज दीडशे ताटं तिच्या हाताखालून जायची. हे बिनमिठाचं, हे बिनसाखरेचं, हे दात नसलेल्याचं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. “डॉक्टरांचं मलम चालू राहू दे. पोटाकडे मी बघते. सहा महिन्यांत हात आरशासारखे करून नाही दाखवले तर नाव बदलेन.”

पहिल्याच दिवशी तिने दारू बंद केली. पाळी संपल्यावर मिळणारे फुकटचे दोन ग्लास गेले. मग तळलेलं गेलं, गोड गेलं, मटण गेलं. उरलं काय, तर उकडलेल्या भाज्या, डाळीचं पाणी, आठवड्यातून दोनदा वाफवलेला मासा आणि बायकोची नजर. ती एका जाड वहीत सगळं टिपून ठेवायची. किती वाजता, काय, किती चमचे. भिंत ताटाकडे असा बघायचा की भाज्यांनीच घाबरून पळून जावं. पण खायचा. बारच्या दारावर चारशे जणांना न घाबरणारा माणूस घरी एका कडचीला घाबरून होता.

आणि खोटं कशाला बोला, गुण आला. तीन महिन्यांत वीस किलो उतरलं. पाठ निवळली, डोक्यातल्या खपल्या गेल्या, कोपरं मऊ पडली. बायको त्याची पाठ उजेडाकडे वळवून शेजारणींना दाखवायची. पाठीवर तिचा एवढा जीव लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही नव्हता.

फक्त हात ऐकेनात. उलट चिघळत चालले.

आता त्याचं असं झालं. एकशे अठरा किलोच्या माणसाला कुणी हात लावत नव्हतं. अठ्ठ्याण्णव किलोच्या माणसाला लावून बघावासा वाटतो. गणवेश अंगावर लोंबायला लागला, गालफडं बसली. गिऱ्हाइकं आपसांत म्हणायला लागली, “भिंतीचा गिलावा पडला रे.” पहिल्यांदा एका ट्रक ड्रायव्हरने त्याला छातीवर ढकललं. अकरा वर्षांत कुणी ढकललं नव्हतं. भिंतीने त्याच्या मुस्काटात अशी ठेवून दिली की तो दोन टेबलं घेऊन उताणा पडला. पाठोपाठ कारखान्यातले दोघे भाऊ एकदम अंगावर आले. एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, आणि भिंतीच्या उजव्या मुठीचं सालपट निघालं. मग आठवड्याला एक. मग आठवड्याला तीन. बाटली फुटायची, रक्त सांडायचं, पोऱ्ये टाळ्या पिटायचे. पूर्वी नुसतं उभं राहून जे व्हायचं ते आता रोज हाणामारी करून मिळवावं लागत होतं.

घरी तो यातलं अवाक्षर बोलत नसे. बारमधलं बारमध्ये ठेवायचं, हा लग्नापासूनचा नियम, आणि तो बायकोनेच घातलेला. शिवाय मुठीचं सालपट म्हणजे सांगण्यासारखं काय होतं? सुतार काय घरी जाऊन खिळ्यांची हकीकत सांगतो? “दारात बोट चेमटलं,” म्हणायचा आणि हळद-पाण्याने धुऊन टाकायचा. दहा-बारा दिवसांनी बरोबर त्या जागी नवा लाल चट्टा उठायचा.

बायको वही उघडायची. मागचे दोन-तीन दिवस बोटाने वाचायची. “टोमॅटो! परवा टोमॅटो घातला होता मी.” टोमॅटो बंद. पुढचा चट्टा उठला, अंडं बंद. मग दूध. मग वांगं, बटाटा, गहू. चट्टा उठला की एक पदार्थ घटवायचा. पदार्थ घटला की किलोभर माणूस घटायचा. माणूस घटला की दारावर आणखी दोघांना खुमखुमी यायची, आणि ते दोघे आणखी दोन चट्टे देऊन जायचे. बुडत्याचा पाय खोलात, तो असा. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, आणि पखाल बिचारी रोज आटत चाललेली.

पाचव्या महिन्यात तो सत्त्याऐंशी किलोंचा झाला. त्या आठवड्यात लेथवर काम करणारा एक आडदांड माणूस पिऊन तर्र होऊन दाराशी आला. भिंतीने आडवा हात घातला. लेथवाला हसला. “अरे, ही भिंत की पडदा?” म्हणाला आणि त्याने भिंतीच्या पोटात गुडघा मारला. रिकामं पोट, गुडघा थेट कण्याला लागला असेल. भिंत वाकला तो समोरच्याचा कान धरून. मग काय झालं ते त्यालाही नीट आठवत नाही. लेथवाल्याने त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला, भिंतीने कान सोडला नाही, आणि अर्धा कान त्याच्या मुठीत राहिला. लोक ओरडत बाहेर पळाले. जेवणाच्या टेबलावरची एक बाई ताटातच ओकली.

त्या दिवसापासून लेथवाल्याला सगळे अर्धकान्या म्हणायला लागले. तो कारखान्यात सांगत फिरला, की एक दिवस भिंत पाडतो.

बारा दिवसांनी भिंतीच्या हाताच्या पाठीवर नवा चट्टा उठला, गोल, बशीच्या कडेसारखा. बायको रडकुंडीला आली. वहीत काढून टाकण्यासारखं आता पाणीच उरलं होतं. तिने इस्पितळातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचे पाय धरले आणि नवऱ्याला वहीसकट समोर बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, पाठ पाहिली, मान डोलावली. “वजन उतरलं, दारू सुटली, हे उत्तम झालं. मलमाचा गुण त्यामुळेच इतका दिसतोय. पण हे दूध, गहू, टोमॅटो कुणी बंद करायला सांगितलं?” मग त्यांनी हात उजेडात धरला. “आणि हे गोल कसलं?”

भिंतीने हात मागे ओढायला बघितला.

“काहीतरी लागलं होतं इथे.”

“दात,” भिंत म्हणाला.

“कुणाचे?”

“गिऱ्हाइकाचे.”

बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. बाईंनी एकेक चट्ट्यावर बोट ठेवलं. ही गाठ? ट्रक ड्रायव्हर. ही? दोघे भाऊ. हा मनगटावरचा? बाटली. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “काही जणांमध्ये असं होतं. कातडीला जिथे इजा होते, तिथेच दहा-पंधरा दिवसांनी हा आजार उगवतो. हातांचा ताटाशी काही संबंध नाही, ताई. हातांचं पथ्य एकच. मारामारी बंद.”

घरी पोचल्या पोचल्या बायकोने दार लावलं आणि तिने हातातली पिशवी भिंतीच्या डोक्यात घातली. मग वही. मग चप्पल. “पाच महिने! पाच महिने मी तुम्हाला उपाशी मारलं! तुमच्या तोंडचा घास काढला आणि रात्रंदिवस स्वतःला कोसलं, की माझ्या स्वयंपाकातच विष आहे! आणि तुम्ही तिकडे कान उपटताय?”

“अगं, तूच म्हणालीस ना, बारमधलं घरी नको.”

हे बोलायला नको होतं. दुसरी चप्पलही आली. मग ती खाली बसली आणि धापा टाकत म्हणाली, “महिना उरलाय. या महिन्यात एकावर जरी हात उचललात तर मी माहेरी जाईन. मेलं तरी उचलायचा नाही. घ्या माझी शपथ.”

त्याने घेतली.

त्या महिन्यात ती त्याला परत पोटभर जेवायला घालू लागली. तो दारावर हात पाठीमागे बांधून उभा राहायला लागला. खांद्याने अडवायचा, छातीने रेटायचा, आवाज चढवायचा. कुणी ढकललं तर मागे सरायचा आणि परत येऊन उभा राहायचा. थुंकले ते पुसून टाकायचा. बारच्या टेबलांवर पैजा लागल्या, की भिंतीचा हात कोण सोडवतो. रोज रात्री बायको त्याचे हात मांडीवर घेऊन मलम लावायची. दात बसलेलं ते वर्तुळ फिकं पडलं. गाठींवरचं लाल उतरलं. सव्विसाव्या दिवशी मालकाने त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, “वा! चार दिवस असेच ठेव, जागा पक्की.”

सत्ताविसाव्या दिवशी तीनच्या भोंग्याला अर्धकान्या आला, दोन साथीदार घेऊन.

भिंतीने ते तिघे रस्ता ओलांडताना पाहिले. पळता आलं असतं. आत जाऊन दार लावून घेता आलं असतं. पण दार सोडलं तर जागा गेली, आणि हात उचलला तर बायको. त्याने पाठीमागे दाराची लोखंडी मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

पहिला ठोसा भुवईवर बसला. कातडी फाटली आणि एक डोळा रक्ताने भरला. “हात काढ!” अर्धकान्या ओरडला. “काढ हात, लढ!” दुसरा ठोसा तोंडावर. ओठ दातांत घुसला. साथीदारांपैकी एकाने नडगीवर बुटाची लाथ घातली, दुसऱ्याने कानाखाली. भिंत गुडघ्यांवर आला, पण लोखंड सोडलं नाही. अर्धकान्याला त्याचाच जास्त संताप आला. त्याने केस धरून भिंतीचं तोंड बाजूला वळवलं आणि दाराच्या चौकटीवर आपटलं, एकदा, दोनदा, पाचदा. जबड्यातून कड्कन आवाज आला तो आत टेबलांवर ऐकू गेला. चारशे माणसं गोल करून उभी होती. त्यांतला एकही पुढे झाला नाही. शेवटी अर्धकान्याच मारून दमला आणि स्वतःच्या फुटलेल्या मुठी चोळत निघून गेला. दाराच्या मुठीवरून भिंतीची बोटं दोघांना एकेक करून सोडवावी लागली.

त्याला बायकोच्याच इस्पितळात आणलं. ती स्वयंपाकघरातून धावत आली, हाताला पीठ तसंच. गादीवर एक सुजलेला गोळा होता, त्याला नाकडोळे शोधावे लागत होते. तिला पाहून त्याने दोन्ही हात वर केले. आधी पालथे, मग उताणे. जेवायच्या आधी मूल आईला धुतलेले हात दाखवतं, तसे. एक ओरखडा नव्हता.

मालकही आला होता. त्याने हात पाहिले, मग तोंड पाहिलं आणि जिभेने च्यक् केलं. “हातांचं काम झालं म्हणायचं. पण आता हे सगळं तोंडावर उगवणार ना? आणि चारशे लोकांनी पाहिलं, की हा मारत नाही. असा माणूस दारावर ठेवून मी काय करू? तूच सांग, वहिनी.” उत्तरासाठी तो थांबला नाही.

ती पलंगाच्या कडेवर बसली. भुवई, ओठ, हनुवटी, गाल. प्रत्येक टाक्यापाशी ती क्षणभर थांबत होती. दहा-पंधरा दिवस, बाई म्हणाल्या होत्या. तो जबडा बांधलेल्या तोंडाने काहीतरी पुटपुटत होता आणि हात अजून तसेच तिच्यापुढे धरून होता, ती शाबासकी देईल म्हणून. तिने ते दोन्ही हात धरले, त्यांच्या मुठी वळल्या आणि त्या मुठी आपल्याच छातीवर दाणदाण आपटत सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्याने ती ओरडली, “मारायचं होतंस ना रे! अरे, एक तरी मारायचा होतास!”