लवंगीची आजी फितूर झाली

चहा घ्या, गार होतोय. माझ्यात साखर नको, का ते शेवटी सांगते. आधी हे ऐका, की सत्तरी उलटलेल्या बाईनं पबात जाऊन स्वतःच्या नातीचा गळा कसा कापू दिला. आणि वर कापणाऱ्याला बेसनाचे लाडू कसे खाऊ घातले!

माझी नात सई. वीस वर्षांची, इथं लेस्टरातच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं, अंगानं काडी. ती रॅप करते. म्हणजे काय? दोघं समोरासमोर उभे राहतात आणि यमकात एकमेकांची इज्जत काढतात. जागच्या जागी सुचेल ते बोलायचं. अंगाला हात लावायचा नाही, शेवटी हात मात्र मिळवायचा. पब्लिक ज्याच्यासाठी जास्त ओरडेल तो जिंकला. मला तर बाई भारी आवडलं! आमच्या मंगळागौरीत बायका दुसरं काय करायच्या? फक्त नऊवारीत करायच्या, एवढंच. तिचं स्टेजवरचं नाव लवंगी. मीच ठेवलंय.

माझ्या सुनेला, वृषालीला, यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, सई रविवारी कवितांच्या क्लासला जाते आणि सासू गुरुवारी भजनाला जाते. घरात आम्ही दोघी फार गुणी!

पण पोरीचं एक दुखणं होतं. समोरचा गडी दरवेळी तेच बोलायचा. करीचा वास, कोपऱ्यावरचं दुकान, आजीची साडी. लोक हसायचे, ही जिंकली तरी तोंड पाडून यायची.

"आजी, ते माझ्याशी बॅटल नाही करत," म्हणायची. "माझा स्किनशी करतात. मला रिस्पेक्ट पाहिजे."

त्या रविवारची बॅटल जिंकली तर लंडनच्या मोठ्या बॅटलला बोलावणं येणार होतं. करीवाल्यांसाठी हिनं चांगली पंधरा उत्तरं घोटून ठेवली होती.

"मला ने."

"नो वे. तू काहीतरी करणार."

"ने, नाहीतर तुझ्या आईला कवितेचा क्लास दाखवते."

नेलं!

"एक प्रॉमिस दे, आजी. कोणाशी बोलायचा नाही."

"देवाशपथ नाही बोलणार." आता देवाला माहीत आहे मी कशी आहे ते.

पबच्या मागचा हॉल. सई आत नाव द्यायला गेली. मी लाडवांचा डबा कवटाळून उभी. तेवढ्यात एक दांडगा गोरा मुलगा आला. लाल दाढी, मानेवर जाळ्यासकट गोंदलेला कोळी. बघूनच मी डबा पदराखाली घेतला. पण त्यानं काय करावं? खुर्ची आणली! "सिट डाऊन, मी डक," म्हणाला. लेस्टरात प्रेमानं म्हणतात असं. मग चहासुद्धा आणून दिला.

"कोणासाठी आलात?" त्यानं विचारलं.

"लवंगी! माय ग्रँडडॉटर!"

त्याचे डोळे असे चमकले! मला वाटलं, माया. "खरंच? सांगा ना तिच्याबद्दल," म्हणाला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

आता तुम्हीच सांगा. खुर्ची दिली, चहा दिला, घरच्यांची चौकशी केली. अशा पोराला आपल्यात काय करतात? डबा उघडतात आणि पोरांच्या गोष्टी सांगतात! मी दोन्ही केलं.

सांगितलं, की ड्रायव्हिंग टेस्टला चार वेळा नापास. तिसऱ्यांदा रिव्हर्स घेताना कुंपणाला धडकली आणि कुंपणालाच सॉरी म्हणाली. सांगितलं, की कबुतराला घाबरते, अजून माझ्या पदराआड लपते. सांगितलं, की रॅपची प्रॅक्टिस बाथरूममध्ये फॅन लावून करते, त्यामुळं तिच्या आईला वाटतं पोरीचं पोट कायमचं बिघडलंय. कबुतराचं तर मी हात पसरून करून दाखवलं! तो डोळे पुसत हसला. चार लाडू खाल्ले. "यू आर अ लेजंड," म्हणाला आणि गेला. इतका गोड मुलगा, लग्न झालंय का तेवढं विचारायचं राहिलं.

मग लाइट गेले, स्टेज उजळलं. एका बाजूला आमची काडी. आणि दुसऱ्या बाजूला?

कोळी!

डबा हातातून पडला हो माझ्या.

सुरुवात त्याचीच. करी नाही, दुकान नाही, साडी नाही. पहिलंच वाक्य कुंपणाचं! मग कबुतर. मग बाथरूमचा फॅन! हॉल नुसता खिदळत होता. शेवटी म्हणाला, "विचार, मला हे कोणी सांगितलं? तुझ्या आजीनं! तिचा लाडू अजून माझ्या दाढीत आहे!" आणि खरंच दाढी झटकली, तर कण पडले.

सगळा हॉल माझ्याकडं वळला. मी पदर डोक्यावरून ओढला. सईनं बघितलं. तशी नजर मी फक्त माझ्या सासूची पाहिली होती.

तिनं माइक तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. घोटलेली पंधराच्या पंधरा उत्तरं करीची, त्यातलं एक कामाचं नाही! मागून कोणीतरी शिट्टी मारली. म्हटलं, म्हातारे, पोरीचं लंडन तू चार लाडवांत विकलंस.

मग ती हळूच हसली. ते हसू मी ओळखलं. माझंच आहे ते.

यमक इंग्रजीत होतं, मी नुसता माल सांगते. म्हणाली, "आजी बोलली? मग आता आजीचं ऐक. ती गुरुवारी भजनाला जाते म्हणते. बसच्या फुकट पासवर बेलग्रेव्ह रोडला उतरते आणि मिठाईच्या दुकानात डोळे मिटून जिलबी खाते. नर्स विचारते, मॅडम, शुगर शुक्रवारीच का चढते? आजी म्हणते, भक्ती!"

हॉल फुटला! ती दोन पावलं पुढं गेली.

"जी सुनेला फसवते, नर्सला फसवते, देवाला फसवते, तिला तू खुर्ची देऊन फसवलंस असं वाटलं तुला? अरे, ते लाडू मागच्या दिवाळीचे होते!"

कोळ्याचा हात पोटावर गेला. लोक खुर्च्यांवर चढून ओरडले. लाडू खरं तर ताजे होते हो! पण त्याचा चेहरा बघून मलासुद्धा शंका आली.

जिंकली! कोळ्यानं हात मिळवला, मिठी मारली, "रिस्पेक्ट" म्हणाला.

बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. सईच म्हणाली, "आजी, फर्स्ट टाइम कोणीतरी माझ्यावर बोलला. माझा स्किनवर नाही."

"म्हणजे मीच जिंकवलं की गं तुला!"

"आजी, गप बस."

पण कोणीतरी व्हिडिओ काढला होता. संध्याकाळी तो महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर, आणि पाच मिनिटांत वृषालीच्या हातात. तिनं तीनदा बघितला. मी भांडी नसताना भांडी घासत होते.

सईला म्हणाली, "यमक छान जुळतं गं तुझं. क्लास फुकट नाही गेला." मग माझ्याकडं वळली. "आई, भजन कुठं असतं हो तुमचं?"

"बेलग्रेव्ह रोडला." खोटं कुठं बोलले?

आता दर गुरुवारी सूनबाई मला गाडीतून खऱ्या भजनाला सोडते. मी आत गेले का ते बघूनच निघते. दोन तास टाळ कुटते मी. प्रसादाला सगळ्यांना पेढा, मला सफरचंदाची फोड. सूनबाईनं आधीच सांगून ठेवलंय.

परवा नर्सनं शुगर तपासली. एकदम नॉर्मल! ती चाट पडली. "मॅडम, असं काय केलंत?"

काय सांगणार? मान खाली घालून म्हटलं, "भक्ती."