मिस्त्री आणि चालण्याजोगी जमीन

सगळ्या पुणेकरांनी मिळून पुण्याच्या फुटपाथांकडे जितकं पाहिलं नसेल, तितकं आमच्या मिस्त्रींनी एकट्याने पाहिलं आहे. साधा माणूस रस्त्याने जाताना समोर बघतो, समोर ओळखीचं कुणी दिसलं तर दुसरीकडे बघतो. मिस्त्री फक्त खाली बघतात. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. काम सोडूनही आता बरीच वर्षं झाली, पण जमीन काही त्यांना सोडत नाही. एकदा मंडईत मी मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होतो आणि मिस्त्री गाळ्यासमोर उकिडवे बसून दोन फरश्यांमधली फट नखाने खरवडत होते. भाजीवाल्या मावशींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाल्या, "काका, भाजी वर आहे." मिस्त्री न उठता म्हणाले, "भाजी ताजी आहे हो. सिमेंट शिळं आहे."

आम्ही धायरीत एकाच इमारतीत राहतो. ते पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मी शाळेत मास्तरकी केली म्हणून ते मला सर म्हणतात, पण त्यांच्या हाताखाली मी कायम विद्यार्थीच असतो. कुणाच्या लग्नाला गेलो की लोक जेवण कसं आहे ते बघतात. हे काठीने हॉलची फरशी ठोकत ठोकत थेट स्टेजपर्यंत जातात. एकदा तर नवरा-नवरीला आशीर्वाद देता देता यांनी वधूपित्याला कानात सांगितलं, "तुम्ही उभे आहात ना, तिथे खाली पोकळ आहे." तो बिचारा पुढचा तासभर एका पायावर भार देऊन नमस्कार घेत होता.

गेल्या वर्षी या वेडाला एक कारण मिळालं. मिस्त्रींच्या पत्नी, म्हणजे आमच्या भाभी, फाटकाबाहेरच्या एका निखळलेल्या ब्लॉकवर पाय मुरगळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण धीर गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, चाला. मुलगा नाशिकहून फोनवर म्हणाला, चाल. भाभी घरातल्या घरात वॉकर धरून चार पावलं टाकायच्या आणि खाली उतरायचं म्हटलं की पलंगाची कड घट्ट धरायच्या. "आधी मला जमीन दाखवा," त्या म्हणायच्या, "मग चालते." ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना जमीन करून दिली, त्याला हे वाक्य किती लागलं असेल याचा अंदाज मला यायला उशीरच झाला.

मग सुरू झाली रस्तेपाहणी. म्हातारं माणूस न घाबरता चालेल असा सपाट, सावलीचा, मध्ये बसायला बाक असलेला रस्ता मिस्त्रींना हवा होता. माझा उजवा गुडघा गेली दहा वर्षं कुरकुर करतो; मिस्त्रींच्या दृष्टीने ते उपकरण होतं. रोज सकाळी सात वाजता दारावर टकटक व्हायची, "सर, बूट घाला. गुडघा आणायला विसरू नका." मी पुढे चालायचं, त्यांनी मागून काठी वाजवत यायचं आणि दर वीस पावलांनी विचारायचं, "काय म्हणतो?" त्यांच्याकडे तीनच शेरे होते: पास, नापास आणि "ठेकेदाराने स्वतःच्या आईला इथून चालवून दाखवावं". सिंहगड रस्त्याच्या आसपास बहुतेकांना तिसरा शेरा मिळाला. एक फुटपाथ छान रुंद होता, तर तो चालत चालत विजेच्या डीपीत जाऊन संपला. दुसऱ्यावर स्कूटरी झोपलेल्या. तिसरा इतका गुळगुळीत की मिस्त्री म्हणाले, "ही फरशी बघायला आहे, चालायला नाही."

अखेर पास झाला तो रस्ता सापडला विश्रांतवाडीला, मिस्त्री बहिणीकडे गेले असताना. त्या दिवशी मिस्त्री जिना चढत थेट माझ्याकडेच आले. दुतर्फा झाडं, बाक, खरबरीत फरशी, एक ब्लॉक हलेल तर शपथ! मलाही इतका आनंद झाला की मी त्यांच्याबरोबर भाभींना सांगायला खाली गेलो. भाभींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे चालायला जायला अख्खं पुणं ओलांडायचं," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा तुमच्या बहिणीला सांगा, माझ्यासाठी खोली रिकामी कर." आम्ही दोघं दोन शहाणी माणसं, पण हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी इमारतीच्या मागची पट्टी बघितली. कुंपणाची भिंत आणि पार्किंग यांच्या मधली, जिथे मोडक्या सायकली आणि कुणीच न विचारलेल्या कुंड्या पडलेल्या असतात, ती. दोन आंब्यांची सावलीही होती. आमचे सेक्रेटरी इथल्याच शेतकऱ्यांच्या घरातले. ही इमारत उभी आहे ते त्यांच्या आजोबांचं वावर. ते म्हणाले, "मिस्त्री, जागा सोसायटीची हाय, कमर तुमची हाय. जपून करा." मग हा पंचाहत्तरीचा माणूस पाटावर बसून जुने ब्लॉक उचकटायला लागला. खाली दगडाचा बारीक कच अंथरायचा, दोरी ताणायची, ब्लॉक बसवून रबरी हातोडीने ठोकायचा, सपाटी बघायला वर पाणसळ ठेवायची, पटलं नाही की परत उचलायचा. असे तीन आठवडे. मी ब्लॉक देत होतो आणि बोलणी खात होतो.

काम देखणं झालं. आणि दुसऱ्याच दिवशी पाऊस पडून त्या पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी साचलं. मी थक्क झालो. चाळीस वर्षांचा मिस्त्री पाण्याला ढाळ द्यायला विसरतो? मिस्त्री पाण्याकडे बघत उभे होते. "विसरलो नाही सर," ते हळूच म्हणाले. "दिला नाही. तिचा डावा पाय अजून आखडतो. जमीन थोडी तिरकी लागली आणि ती भ्यायली तर?" आयुष्यात हाताखालच्या माणसाने ही चूक केली असती तर यांनी त्याला कामावरून हाकललं असतं. आता खाली शेवाळ धरणार, आणि शेवाळावर कोण टिकणार?

पाणी ओसरल्यावर त्यांनी पुन्हा ब्लॉक उचकटायला घेतले. दुसऱ्या दिवशी वरून गॅलरीतून भाभींची हाक आली. एक, दोन, तीन. हातोडीच्या आवाजात यांना काही ऐकू येईना. थोड्या वेळाने मी मान वर केली तर भाभी वॉकर घेऊन आमच्यासमोर उभ्या! लिफ्टने खाली येऊन, पार्किंगची उखडलेली, मिस्त्रींनी नापास केलेली जमीन एकटीने ओलांडून त्या आल्या होत्या. "अजी, उठा आधी! या वयात पुन्हा जमीन खणताय? तुम्ही पडलात तर मी काय करू?" मग त्यांना आपण कुठे आलोय ते कळलं. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि पलंगाची कड धरावी तसा वॉकर घट्ट धरला. मिस्त्रींनी हातोडी टाकली, धोतरासारखी वर खोचलेली लुंगी सोडली आणि त्यांचा दंड धरला. चार पावलं गेल्यावर भाभी म्हणाल्या, "ढाळ द्या. मी सांभाळते."

आता त्या रोज संध्याकाळी पाचला खाली येतात. पट्टीला ढाळ आहे, पाणी साचत नाही. दोघं एकमेकांशी भांडत फेऱ्या मारतात आणि मी आंब्याखाली ठेवलेल्या बाकावर बसून बघतो. आमच्या हिलाही शेवटच्या दोन वर्षांत डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मी खुर्चीतून रोज न चुकता सांगायचो, "अगं, जरा खाली जाऊन चालून ये." ती जायची नाही, आणि मी तिला आळशी म्हणायचो. खाली पाय ठेवायला जमीन कशी आहे, ते बघायला मी एकदाही उतरलो नाही.