ताटाच्या पाठीवरचे नंबर

१४ नोव्हेंबर. दुपारी शाळेच्या कार्यालयात आखीव कागद घेऊन बसले होते. नवा फाइल सर्व्हर आदल्या दिवशी खोक्यातून काढून भिंतीशी ठेवला होता. सगळ्या कॉम्प्युटरांमधली कागदपत्रं आता त्या एकाच यंत्रात जायची होती. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो, गल्लीतल्या घराला लागतो तसा. दोघांना एकच नंबर दिला की दोघंही अडतात. अकोल्याच्या तंत्रज्ञाने फोनवर यादी मागितली होती : कोणतं यंत्र, कोणता नंबर, कोणता रिकामा. डाव्या बाजूला मी चौदा यंत्रांची नावं लिहिली. उजवी बाजू कोरी राहिली. उजवी बाजू प्रल्हाद तायडेला माहीत होती, आणि प्रल्हादला जाऊन सात आठवडे झाले होते.

बातमी आली तेव्हा प्रार्थना चालू होती. सकाळी घरीच छातीत दुखलं, मोताळ्याच्या दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, प्रयोगशाळेच्या तासांना कोण जाईल ते ठरवलं, आणि मग अंत्ययात्रेला गेले. रडले नाही, माझी तशी पद्धत नाही. चौथ्या दिवशी त्याचा ड्रॉवर रिकामा केला. छत्री एक, चष्म्याचं घर एक, पेचकस तीन, स्टीलचं ताट एक... अशी यादी करून सामान शिपायाबरोबर त्याच्या घरी पाठवलं आणि पोच घेतली. ती पोच अजून फाइलला आहे. अक्षर माझंच.

प्रल्हाद आमच्याकडे एकोणीस वर्षं होता. त्याआधी मोताळ्यातल्या भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून तो भांड्यांवर नावं घालायचा. लग्नसराईत त्याच्यापुढे ताटं, तांबे, डबे यांची रास लागलेली असायची आणि त्याची सुई दिवसभर करकरत असायची. संध्याकाळी तो कॉम्प्युटरच्या वर्गाला जायचा. शाळेत सहायक म्हणून लागला आणि वायरी, यंत्रं, जोडण्या सगळं हळूहळू त्याच्याकडे गेलं. सुईच्या कामाने त्याला एक सवय लावली होती : हात टेकवण्याआधी तो खूप वेळ नुसता बघत बसायचा. मला त्याचा राग यायचा. एकदा म्हटलं, ‘‘काय ध्यान लावलं का?’’ तर म्हणाला, ‘‘मॅडम, कागदावर खोडता येते. भांड्यावर एकदा ओढलं का ओढलं. मले तेच वळण लागलं.’’

पहिल्याच वर्षी तो घरून सुई घेऊन आला. प्रत्येक यंत्राच्या पाठीवर त्याचा नंबर कोरायचा म्हणत होता. मी कार्यालयीन अधीक्षक. शाळेच्या मालमत्तेवर ओरखडा उमटू देणं मला शक्य नव्हतं. ‘‘वहीत लिही,’’ म्हटलं. त्याने वहीत लिहिलं. दोन पावसाळ्यांनी कपाटाला वाळवी लागली आणि वही गेली. जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांची पानंही तेव्हाच गेली; पण ती त्याने आधीच एकेक करून स्कॅन केली होती. सुट्ट्यांमध्ये येऊन केली, कोणी सांगितलं नव्हतं. ‘‘आमच्या लोकायचे आजे-पंजे ह्या पानायवर हायेत,’’ एवढंच म्हणाला होता. ती सगळी पानं एका लहान साठवण-पेटीत होती. तिला पडदा नाही, बटणं नाहीत. नंबर माहीत असेल तरच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ती उघडते.

दोन वर्षांपूर्वी त्याने अर्ज दिला होता. पेटी जुनी झाली आहे, मोठा सर्व्हर घ्यावा. मी शेरा मारला : सध्या आवश्यकता नाही. तेव्हा मला ती नव्हतीच.

सर्व्हर आला त्या आठवड्यात मात्र ती फार होती. साखरखेर्ड्याहून एक गृहस्थ आले होते. मुलीच्या जात पडताळणीची सुनावणी मंगळवारी, आणि त्यांचे आजोबा लहानपणी मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकलेले. ती एक नोंद सापडली तर मुलीचा प्रवेश टिकणार होता. पेटी उघडायला गेले तर ती दिसेचना. प्रल्हादनंतर वीज पडून राउटर जळाला होता, नवा आणून बसवला होता, आणि नव्याची नंबरांची गल्लीच वेगळी होती. जुनी पेटी आपल्या जुन्या गल्लीत दार लावून बसलेली. तंत्रज्ञ म्हणाला, ‘‘मॅडम, बटण दाबून तिला नव्यासारखी करता येईल. पण आतलं राहीलच, अशी गॅरंटी नाही देत मी.’’ मी त्याला बटणाला हात लावू दिला नाही. गृहस्थ बाहेरच्या बाकावर बसून होते.

कोऱ्या रकान्याकडे बघताना मला त्याचं एक वाक्य आठवलं. वही गेल्यानंतर मी त्याला बोलले होते, की आता यादी कुठे ठेवणार? जेवून हात धूत होता. म्हणाला, ‘‘मॅडम, माझं रजिस्टर मी रोज घासतो. त्याले वाळवी नाही लागत.’’ मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा. तो रोज जेवायचा त्या ताटाच्या पाठीवर बारीक ओरखडे मी कित्येकदा पाहिले होते. जुनी सुई चालवून बघतो, असं समजले होते...

मी गृहस्थांना सकाळी यायला सांगितलं, कागद घेतला, स्कूटी काढली आणि प्रल्हादच्या गावी गेले.

त्याची बायको शीला भाकरी करत होती. ताट माठावर पालथं होतं. मी काही बोलायच्या आतच तिने तिकडे मान वळवली. ‘‘ते पाह्यजे ना?’’

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘हाव. त्यायनं सांगतलं होतं, ऑफिसचं रजिस्टर हाय, तारेच्या घासणीनं घासू नको. मले वाटलं आज येतीन, उद्या येतीन मागाले. तुम्ही त काल-परवाही नाही आल्या.’’

‘‘मग सांगायचं नाही का?’’

‘‘तुम्हीच त यादी करून धाडलं. सही घेतली माह्याकून. मी म्हटलं, मोठ्या ऑफिसचं काम, त्यायले जास्त समजते.’’

मी माठावरचं ताट उचललं आणि बसले. उजेड कमी होता, रेघा नीट लागेनात. शीलाने तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली, ताटाच्या पाठीवर चोळली आणि पदराने हलकेच पुसली. काजळी रेघांत राहिली. चौदा ओळी काळ्याभोर उमटल्या, लग्नातल्या भांड्यांवर असायच्या तशाच गोल अक्षरात. यंत्राचं नाव, पुढे नंबर. सर्वांत वर गल्ली. पाचवी ओळ साठवण-पेटीची. एका ठिकाणीही सुई घसरलेली नव्हती. खाली थोडी जागा सोडून पंधरावी ओळ होती : सर्व्हर, येणार – २०.

मी यादी उतरवली आणि दोनदा ताडून पाहिली.

‘‘नेता का ताट?’’ शीलाने विचारलं. तिचा हात ताटाच्या कडेवरच होता.

‘‘नको. घरचं आहे ते.’’

‘‘मंग जेवून घ्या. भाकर झाली.’’ तिने ताट धुतलं नाही. मला दुसऱ्या ताटात वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी कार्यालय उघडलं. तंत्रज्ञ फोनवर सांगत गेला, मी करत गेले. राउटरला जुनी गल्ली दिली, सर्व्हरला वीस. पाचव्या ओळीतली पेटी पहिल्या हाकेला उघडली. पानं सर्व्हरवर उतरायला लागली. मी मधेच एक पान काढलं, छापलं, सही-शिक्का केला आणि बाकावरच्या गृहस्थांच्या हातात दिलं. त्यांनी आजोबांच्या नावावरून अंगठा फिरवला आणि एसटी चुकेल म्हणून लगेच निघाले.

मग मी भांड्यांच्या दुकानात गेले. एक ताट घेतलं आणि नाव घालणाऱ्यापुढे यादी ठेवली. पंधराव्या ओळीतला ‘येणार’ तेवढा गाळायला सांगितला. तो नंबरांकडे बघून हसला. ‘‘हे कोणतं लगन म्हणावं, बाई?’’ पंधरा ओळी झाल्यावर त्याने सवयीने विचारलं, ‘‘कोणाकून टाकू?’’

‘‘प्रल्हाद तायडे यांजकडून, शाळेस.’’

सुई थांबली. त्याने एकदा बाजूच्या स्टुलाकडे पाहिलं आणि मग नाव घातलं. ‘‘तारीख आजची?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं आणि दोन वर्षांपूर्वीची, प्रल्हादच्या अर्जावरची तारीख सांगितली. निघण्याआधी फाइल उघडून ती बघून घेतली होती.