पाच जोड चाकांचं इंजिन

क्राइनबाखच्या छोट्या रेल्वेच्या मंडळात वोल्फ्राम ओमेसमोर चुकीचा डबा रुळावर ठेवायची कोणाची छाती नव्हती. कोणी ठेवलाच, तर वोल्फ्राम आवाज चढवायचा नाही. चष्मा कपाळावर सरकवायचा, डबा दोन बोटांनी उचलून उलटा करायचा, त्याचं पोट नीट न्याहाळायचा आणि ज्याचा त्याच्या हातात परत द्यायचा. "सुंदर आहे," म्हणायचा, "पण हा इथं कधी आला नव्हता." झालं. त्या माणसाची सगळी दुपार वाया.

फ्रीडर लोझं हा आमच्या गावचा खाटीक. त्याला अमेरिकेच्या गाड्यांचा भारी नाद. लांबलचक, तोंडाला पिवळी रंगवलेली इंजिनं तो हौसेनं जमवतो. मंडळात त्याला ती चालवायची परवानगी नाही. "माझ्या स्वयंपाकघरात अमेरिका आहे, मंडळात मात्र ओमेचं राज्य," असं तो येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत असतो. वोल्फ्रामला हे ऐकू जातं, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

मंडळाचं टेबल जुन्या शाळेच्या व्यायामशाळेत आहे, चौदा मीटर लांब. त्यावर आमचीच दरी, आमचाच ओढा आणि आमचीच फाट्याची लाइन, सगळं एकशेवीसपट लहान केलेलं. एक्याण्णव साली मंडळ निघालं तेव्हा मापावरून दोन महिने भांडणं झाली. अर्ध्या लोकांकडे मोठ्या मापाच्या गाड्या होत्या, सत्त्याऐंशीपट लहान, हातात घेतल्यावर वजन जाणवणाऱ्या. पण त्या मापात दरी मावेना, म्हणून बारक्या मापाचे लोक जिंकले आणि मोठ्या मापाचे आपापल्या गाड्या घेऊन घरी गेले. खरी लाइन तर केव्हाच उखडली. आता तिथं सायकलींचा रस्ता आहे. टेबलावर मात्र कायम एकच दिवस असतो, पंचाहत्तर सालच्या सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, ज्या दिवशी शेवटची गाडी सुटली.

नाताळाआधीच्या चारही रविवारी व्यायामशाळा लोकांसाठी उघडी असते. बायका लोणी आणि मनुकांचा केक कापून ठेवतात, कॉफीचं मोठं भांडं खदखदत असतं, आणि बरोबर चार वाजता शेवटची गाडी सुटते. वोल्फ्राम त्या वेळच्या स्टेशनमास्तराची लाल टोपी घालतो, हिरव्या चकतीची दांडी उचलतो आणि शिट्टी फुंकतो. चार जोड चाकांचं काळं इंजिन, पुढं धाग्याची इवलीशी माळ, मागं तीन डबे. बघणारी म्हातारी माणसं डोळे पुसतात. टेबलाच्या कडेला पितळी पाटी आहे: त्या दिवशी गाडीला हिरवा दाखवणारे, श्री. वोल्फ्राम ओमे.

आता खरं काय ते सांगून टाकतो. वोल्फ्राम त्या दिवशी स्टेशनात नव्हताच.

तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा, त्याच स्टेशनात नोकरीला. शेवटच्या गाडीची पाळी त्याचीच लागली होती. पण आदल्या दिवशी कोणीतरी कानात सांगितलं, की शहरातल्या खेळण्यांच्या दुकानात बारक्या मापाची नवी इंजिनं आली आहेत, मोजून वीस. त्या काळात आमच्याकडे दुकानात माल क्वचितच यायचा, असली बातमी ऐकून घरी बसणारा माणूस वेडाच म्हणायचा. वोल्फ्रामनं हेल्मार ऊलिशबरोबर पाळी बदलली, पहाटेची बस पकडली आणि दुकानासमोर रांगेत जाऊन उभा राहिला. गाडी काय, रोज पाहतो, असं त्यानं मनाला समजावलं. साडेचार तासांनी त्याच्या हातात डबी आली. आत चार जोड चाकांचं इंजिन. तो परत पोचला तेव्हा स्टेशनात पानं आणि कागदाच्या फुलांचा कचरा तेवढा उरला होता.

जिच्यावर त्यानं आयुष्यभर जीव टाकला ती रेल्वे शेवटचा श्वास घेत होती, आणि हा पठ्ठ्या तिचं खेळणं घ्यायला रांगेत उभा. ही गोष्ट सांगायची तरी कोणाला? हेल्मार दोनच वर्षांनी वारला. मंडळ निघालं तेव्हा कोणीतरी विचारलं, "वोल्फ्राम, तू तर पाळीवर असशील ना?" तो म्हणाला, "असणारच." कोणतं इंजिन होतं, असंही विचारलं. त्यानं खिशातून आपली डबी काढली आणि म्हणाला, "हे."

एवढ्या गर्दीसमोर सुटलेल्या गाडीबद्दल खोटं चाललं कसं, असं वाटेल. पण माळ, बँड आणि धूर सगळ्यांच्या लक्षात होता. चाकं कोण मोजतं? आमच्यासारखे चार येडे. जे दोनचार फोटो होते त्यांत लोकांच्या पायांआड चाकं झाकलेली.

एका माणसानं मोजली होती. राइनहोल्ट ग्लेझर, इंजिनचा ड्रायव्हर. अठ्ठ्याण्णव साली तो मंडळात आला, कॉफी घेतली, चारची गाडी पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "ओमे, हे इंजिन नव्हतं. पाच जोड चाकांचं होतं. मीच चालवत होतो. माळ माझ्या बायकोनं केली होती."

चार जोडवाली इंजिनं डोंगरापलीकडच्या शेडची, पाच जोडवाली राइनहोल्टच्या शेडची. म्हणजे वोल्फ्रामचं खरं मानलं तर शेवटची गाडी दुसऱ्याच कोणी नेली, आणि राइनहोल्ट फेकू ठरला. वोल्फ्रामनं कपाळावर चष्मा सरकवला. वीस-पंचवीस माणसं ऐकत होती. तो म्हणाला, "राइनहोल्ट, वय झालं की दिवस एकात एक मिसळतात." दोघंतिघं हसली. राइनहोल्टनं कप खाली ठेवला, टोपी घातली आणि निघून गेला. तो परत मंडळाची पायरी चढला नाही.

त्याची मुलगी आनरोझ यंदाच्या पहिल्या रविवारी आली. साठीला टेकलेली, लांबच्या गावी बेकरीत आयुष्य घालवलेली बाई. राइनहोल्ट वसंतात गेला होता, नव्वद वर्षांचा होऊन. तिनं बुटांचं खोकं टेबलावर ठेवलं आणि जुन्या टॉवेलातून इंजिन बाहेर काढलं. पाच जोड चाकांचं, मोठ्या मापाचं, बापानं अकरा वर्षं खपून पत्र्यातून हातानं केलेलं. पुढं माळ होती, खऱ्या सुकलेल्या देवदाराच्या काड्यांची.

"बाबा म्हणायचे, एकदा तरी तिथून सुटू दे," ती म्हणाली. "मला कळतं, तुमच्या रुळांवर बसायचं नाही हे. निदान बाजूला ठेवाल का? आणि हा फोटो. गर्दी व्हायच्या आधी आईनं काढलेला."

फोटोत इंजिनात पाणी भरायच्या नळाशी उभं इंजिन होतं, माळेसकट. समोर एक माणूस नाही. पाचही चाकं स्वच्छ दिसत होती.

वोल्फ्रामनं भिंग मागवलं. सगळे गोळा झाले. त्यानं एक मिनिट पाहिलं, दोन मिनिटं पाहिलं. मग तो आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "हा दिवा बघा. घंटेसारखी टोपी आहे. आपल्या फलाटावर सगळ्या दिव्यांना चपट्या टोप्या होत्या. ग्लेझरबाई, फोटो सुंदर आहे. पण हे स्टेशन आपलं नाही."

खरं तर आमच्याच स्टेशनात पाण्याच्या नळाजवळच्या दोन दिव्यांना घंटेसारख्या टोप्या होत्या. त्यांतले बल्ब नऊ वर्षं त्यानं स्वतः बदलले होते.

आनरोझनं वाद घातला नाही. इंजिन टॉवेलात गुंडाळताना एवढंच म्हणाली, "बाबा म्हणालेच होते, ओमेसाहेब दिवे मोजतील." त्या दिवशी चारच्या गाडीला वोल्फ्रामनं शिट्टी फुंकली, पण हवाच निघाली. फ्रीडर मागून म्हणाला, "म्हातारा झालास रे." वोल्फ्राम हसला नाही.

सोमवारी न्याहारीला पाव पुढ्यात तसाच पडलेला. बायको झिग्रून समोर बसून अंड्याचं टरफल काढत होती. बेचाळीस वर्षांचा संसार, दोघं न्याहारीला फारसं बोलत नाहीत.

"राइनहोल्टची मुलगी रडत गेली काल," ती म्हणाली.

"रडली नाही."

"दारातून बाहेर पडल्यावर रडली. मी केकच्या टेबलाशी होते, मला दिसलं."

वोल्फ्राम कॉफीत चमचा फिरवत राहिला. ती पुढं म्हणाली, "लाल टोपीत हेल्मार होता, वोल्फ्राम."

त्याचा चमचा थांबला.

"मी गेले होते ना फलाटावर. पोराला कडेवर घेऊन. म्हटलं, याचा बाप शेवटच्या गाडीला हिरवा दाखवतोय, पोरानं पाहायला हवं. तू कुठं दिसेनास. संध्याकाळी तू आलास तो कोटाखाली डबी लपवून. मी काही विचारलं नाही."

"चाळीस वर्षं?"

"मला वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. मग तुझी पाटी लागली. आता पाटी लागल्यावर काय विचारायचं माणसानं?" तिनं त्याचा पाव उचलून स्वतःच लोणी लावलं आणि परत त्याच्या ताटलीत ठेवला. "चाकं किती होती ते मला माहीत नाही. पण काल तू त्या बाईशी जे केलंस ना, त्याची मला लाज वाटली. तुझी लाज वाटली मला."

वोल्फ्रामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं पकडलं गेलं याचं तेवढं नव्हतं. दर वर्षी चार रविवार ती केक कापत, तिथं दहा पावलांवर उभी राहून, त्याला ती टोपी घालताना पाहत होती.

दुपारी त्यानं आनरोझला फोन लावला. "येत्या रविवारी चारला इंजिन घेऊन याल का? मला काही सांगायचं आहे."

"फोनवर सांगा," ती कोरडेपणानं म्हणाली.

"नाही. तुमच्या वडिलांना मी चारचौघांत बोललो होतो."

मग ती म्हणाली, "येते."

आठवडाभर तो व्यायामशाळेत एकटाच खटपट करत होता. टेबलाच्या पुढच्या कडेला, त्या नाजूक दरीच्या समोर, त्यानं मोठ्या मापाचे दीड मीटर रूळ टाकले. एकेक स्लीपर मोजून बसवला. चालवायचं यंत्र फ्रीडरकडून आणलं. फ्रीडर म्हणाला, "काय रे, अमेरिका येतेय की काय?" वोल्फ्राम म्हणाला, "रविवारी ये, कळेल." पाण्याच्या नळाजवळचे दोन इवले दिवे त्यानं उपटले आणि घंटेच्या टोप्यांचे दोन नवे लावले. शेवटी पितळी पाटीचे चार स्क्रू काढले. टेबलाच्या कडेवर तिच्या जागी फिकट चौकोन उरला.

रविवारी गर्दी नेहमीचीच. चारला पाच कमी असताना वोल्फ्राम टोपी हातात धरून उभा राहिला. डोक्यावर घातली नाही. त्यानं पाठ केलेली वाक्यं होती, ती सगळी विसरला.

"त्या दिवशी मी इथं नव्हतो," तो म्हणाला. "शहरात खेळण्यातलं इंजिन घ्यायला रांगेत होतो. हिरवा हेल्मार ऊलिशनं दाखवला. गाडी राइनहोल्ट ग्लेझरनं नेली, पाच जोडवाली. मी न पाहता दुसरी सांगितली, ती माझ्या खिशात होती म्हणून. राइनहोल्टला मी खोटं पाडलं. गेल्या रविवारी त्याच्या मुलीलाही पाडलं. दिवा आपलाच आहे."

कॉफीचं भांडं तेवढं खदखदत होतं. फ्रीडरसुद्धा गप्प होता, आणि फ्रीडर गप्प बसला की आम्हाला कळतं, प्रकरण साधं नाही. मागच्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आणि मी वीस वर्षं रडतेय त्या इंजिनाला." वोल्फ्रामची मान खाली गेली ती वर येईना.

आनरोझनं खोकं उघडलं आणि इंजिन नव्या रुळांवर ठेवलं. त्या दरीसमोर ते भलतंच मोठं दिसत होतं. झाडं त्याच्या धुराड्याच्या टोकापर्यंत, घरांची दारं त्याच्या चाकाएवढी. मापाच्या माणसाला बघवू नये असं दृश्य होतं ते. वोल्फ्रामनं दांडी उचलायला हात पुढं केला.

"तुम्ही नको," आनरोझ म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तुम्ही नव्हतात ना. जे होते, त्यांच्यापैकी कोणी दाखवा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग केकच्या टेबलामागून झिग्रून आली. तिनं ॲप्रनला हात पुसले, नवऱ्याच्या हातातून टोपी घेतली आणि पांढऱ्या केसांवर घातली. ती तिला मोठी होत होती, कानांपर्यंत आली. "मी होते," ती म्हणाली. "माळेतल्या काड्या अशाच होत्या."

वोल्फ्राम बाजूला झाला. कुठं उभं राहावं ते त्याला कळेना. बावीस वर्षं त्याची जागा ठरलेली होती. तो लोकांमधून मागं गेला. कोणी त्याला अडवलं नाही, कोणी जागाही करून दिली नाही. शेवटच्या रांगेत, कोटांच्या खुंट्यांशी, तो थांबला.

झिग्रूननं हिरवी चकती वर केली. तिला शिट्टी नीट जमली नाही, दोनदा फुंकावी लागली. पुढून आनरोझचा आवाज आला, "चला, बाबा," आणि मग पत्र्याच्या चाकांची बारीक घरघर.

वोल्फ्राम टाचा उंचावून पाहायला लागला. पुढं सगळी गावातली रुंद पाठीची माणसं. त्याला टोपीचा लाल ठिपका दिसला, माळेचं टोक सरकताना दिसलं. चाकं नाही दिसली. तेवढ्यात दीड मीटर संपलं आणि गाडी थांबली.