काकूचा कॅमेरा आणि माझा फ्लॅश

आमच्या घरात कॅमेऱ्यातलं सगळ्यात जास्त मला कळतं, हे सगळ्यांना मीच सांगितलं होतं.

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. आई आणि काकू, दोघी जावा, रिठदच्या आमच्या मळ्यात तीस वर्षं सोबत वांगी तोडत आल्या. पण दोघींचा मिळून एकही फोटो नव्हता. (माझ्या लग्नातल्या एका फोटोत आईशेजारी एक पदर दिसतो. तो आपलाच, असं काकू म्हणते.) त्या हिवाळ्यात मी जाहीर केलं, "दोघींना अजिंठा दाखवतो, अन् फोटोही तिथंच काढतो!" माझ्या तेव्हाच्या मोबाइलवर फोटो असे निघत, की आई कोणती आणि म्हैस कोणती हे अंदाजानं ठरवावं लागे. म्हणून डिजिटल कॅमेरा घ्यायचं ठरलं.

काकूला घेऊन मी रिसोडच्या दुकानात शिरलो. चार दिवस पेपरातल्या जाहिराती पाठ करून गेलो होतो.

"मेगापिक्सेल किती?" मी पाय ठेवताच विचारलं.

दुकानदारानं एक भलामोठा काळा कॅमेरा पुढे केला. त्याला इतकी बटणं होती, की मला घामच फुटला! पण मी "हं, हं" करत जाणत्यासारखी मान हलवली. "हाच द्या!"

"थांब ना रे बाप्पा," काकू म्हणाली. तिनं कॅमेरा हातावर तोलला, वांगं किडकं आहे का पाहावं तसा चहूबाजूंनी फिरवला आणि तडक उन्हात घेऊन गेली. दुकानदार "अवो मावशी!" करत मागे धावला.

"याच्या काचेत उन्हात माहंच तोंड दिसून राह्यलं," काकू म्हणाली. "फोटो कुठं दिसन? अन् याले सेल कोनते लागतेत?"

"याची बॅटरी वेगळी येते, मावशी. चार्ज करा लागते."

"अन् डोंगरात सरली त? पेन्सिल सेलवाला दाखवा."

दुकानदारानं निमूटपणे एक छोटा, गुटगुटीत कॅमेरा काढला. उन्हात त्याचा पडदा लख्ख दिसत होता. मग तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, मी बी घरी हाच वापरतो."

"मी हाच सांगणार होतो," मी म्हणालो.

अजिंठ्याला आम्ही चौघं गेलो: आई, काकू, मी आणि माझी बायको सुनंदा. चित्रांच्या लेण्याबाहेर चपला काढल्या आणि आत शिरलो. आत मंद उजेड होता. दारातल्या पहारेकऱ्यानं बजावलं, "फोटो काढा, पण फ्लॅश नको. चित्रं खराब होतात."

"माहीत आहे," मी म्हणालो. (तो बंद कसा करायचा, हे माहीत नव्हतं.)

दोघींना उभं केलं. "हसा!"

फटाक्! अख्खं लेणं उजळलं.

"अहो साहेब!" पहारेकरी ओरडला.

"चुकून, चुकून!" मी घाईघाईनं एक बटण दाबलं. कॅमेरा 'टुंई' असा बोलला. मला वाटलं, जमलं.

फटाक्! फटाक्! फटाक्!

"अवो, काय करून राह्यले तुमी?" सुनंदा दबक्या आवाजात म्हणाली.

"बंद करून राह्यलो ना!"

शेवटी मी फ्लॅशवर पांढरा रुमाल धरला. रुमाल गॅसबत्तीसारखा पेटल्यागत दिसला आणि पहारेकऱ्यानं माझं कोपर धरलं. "साहेब, तुम्ही बाहेर बसा." किती सभ्य माणूस होता!

मला मात्र रडू यायचं बाकी होतं. तीस वर्षांनी एक फोटो, आणि तोही मी घालवला! तेवढ्यात दारापाशीच काकूनं माझ्या हातातून कॅमेरा घेतला. एका बटणावर बोट ठेवून म्हणाली, "हे बिजलीचं चित्र आपल्या वावरातल्या लाइटीच्या डीपीवर असते ना? म्हंजे हे लाइटीचं बटन." तिनं ते दाबलं. पडद्यावरच्या बिजलीवर काट पडली. "झालं बंद."

काकू चौथी पास. मी विज्ञान शाखेचा पदवीधर.

मग ती पहारेकऱ्याकडे वळली. "भाऊ, आमचा फोटो तुमीच काढून द्या. खांबाले टेकवून धरा, म्हंजे हालनार नाई." आणि ज्यानं मला बाहेर काढलं, त्याच माणसानं श्वास रोखून फोटो काढला! काय फोटो आला! मंद सोनेरी उजेड, मागे ती जुनी चित्रं, आणि पुढे दोघी जावा. आईनं काकूचा हात घट्ट धरला होता. ते तिला फोटो पाहिल्यावरच कळलं.

तोवर मी बाहेर आमच्या चपलांजवळ बसून होतो. एक मोठं कुटुंब आलं. "भैया, जरा देखना," म्हणत त्यांनी आठ जोड माझ्यापुढे सोडले. ते पाहून मागच्यांनीही सोडले. एका आजोबांनी टोकन मागितलं! काकू बाहेर आली, तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फोटो काढला. एका दमात. अजिबात न हलवता.

दोघींचा तो फोटो मोठा करून बैठकीत लावला आहे, आणि काकूच्या हट्टानं त्याखाली माझाही. पाहुणे विचारतात, "हे एवढ्या चपलांमधी कोन बसलं?" मी मान ताठ करून सांगतो, त्या दिवशी एकाचीही चप्पल हरवली नाही!