एका कागदाचे चार सोमवार

हे माझ्या घरातही कुणाला ठाऊक नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सहायक होते. आकाशात फार उंचावर किरणोत्सर्गी बेरिलियम आपोआप तयार होतं, धुळीला चिकटून खाली येतं. किती आलं त्यावरून वरची हवा कधी खाली उतरली ते कळतं. माझं काम हमालीचंच — दर सोमवारी पाण्याच्या टाकीवर बसवलेल्या, हवा ओढणाऱ्या पंपातला गाळणकागद बदलायचा, त्यातून रुपयाएवढी चकती कापायची, तारीख घालून नसीमला द्यायची. नसीम पीएच.डी. करत होती. त्याच आठवड्यात ती मोजायची.

एका सोमवारी कागद घेऊन उतरताना लोखंडी शिडीची पायरी निखळली. मी लोंबकळले — किती वेळ, देव जाणे. पायरी दुसऱ्या दिवशी जोडून झाली. पण पुढच्या सोमवारी शिडीला हात लावला आणि तशीच मागे फिरले. मग — मग काय केलं? तोच जुना कागद काढला, दुसरी चकती कापली, नवी तारीख घातली. मग तिसरी. चौथी. कागद मोठा होता, पुरला.

पण बेरिलियम ठेवल्या जागी कमी होत जातं, ठरलेल्या गतीनं. चारही आकडे तसेच उतरत गेले. नसीमचे मार्गदर्शक सर तिला म्हणाले, "हवा इतकी शिस्तीची असते होय? हे आकडे घरी बसून बनवलेत तुम्ही."

नसीमनं त्या चार चकत्या शेजारी शेजारी मांडल्या. चारही एकाच कागदाच्या, हे तिला कळलं होतं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ताई, दर सोमवारी वर गेला होतात ना?"

नोकरी कंत्राटी होती — पण ते कारण नव्हे. मी घाबरले. म्हणाले, "हो. दर सोमवारी."

खोट्या आकड्यांचा ठपका तिच्यावरच राहिला; महिनाभरात तिनं पीएच.डी. सोडली. आता बुधवार पेठेत वडिलांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बसते. मी तो रस्ता टाळते. दाराची बेल वाजली की अजून दचकते — ती असेल, तोच प्रश्न पुन्हा विचारेल. आणि मी? पुन्हा 'हो'च म्हणेन, याची जास्त भीती वाटते.

पायरी निखळली त्या दिवशी माझ्या खरचटलेल्या कोपराला तिनंच हळद लावली होती. म्हणाली होती, "पुढच्या सोमवारपासून मी जाऊ का वर?"

मी म्हटलं होतं, "कशाला? मला काय धाड भरलीय?"